खिडकीची रांग मनोरीला

सर,

तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधी सांगून टाकते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की शाळेच्या स्टाफरूममध्ये तुम्हाला पाहिलेलं माणूस आता शोधावं लागतं, पण माझा राग आपला ठणठणीत आहे. एरवी तो गप्प पडून असतो. मग कुणीतरी तुमचं नाव काढतं, "काय सर होते हो!" म्हणतं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आज सकाळी तसंच झालं. आपल्या शाळेचा मराठी विभाग यंदा बंद होतोय. वर्गात बाकं जास्त आणि मुलं कमी, असं किती दिवस चालणार? तर रविवारी जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा आहे, आणि तुमच्याबद्दल चार शब्द मी बोलायचे असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. फोन करणारी तीच, डोंगरावरची, खिडकीजवळच्या बाकावर बसायची ती. आता तिचेच केस पिकलेत. म्हणाली, "बाई, मनोरीची गोष्ट सांगा ना. तुम्ही झकास सांगता." मी हो म्हटलं. आणि वर म्हणाली, "पण या वेळी पूर्ण सांगा हं." फोन ठेवल्यापासून माझं कशात लक्ष नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि डाळीचा पार लगदा झाला.

मेळाव्याला पोरांच्या बायका येतील, जावई येतील, त्यांना काय माहीत मनोरी म्हणजे काय, म्हणून सुरुवातीपासून जुळवत बसलेय. मनोरी म्हणजे तुमचा निबंध. कधीकाळी शिक्षकांची सहल मार्व्याच्या धक्क्यावरून होडीने खाडीपलीकडच्या मनोरी गावाला गेली होती, आणि तिथून आल्यावर तुम्ही तो इंग्रजीत लिहिलात. रविवारची प्रसन्न सकाळ, होडी, पलीकडे नारळाची झाडं, जाळं विणणारा म्हातारा कोळी, चिखलात घसरून पडलेला मित्र, सगळ्यांचं हसणं, आणि शेवटी थकलेले पाय आणि आनंदी मनं घेऊन घरी परत. एवढंच. पण या एवढ्यावर तुम्ही घाटकोपरच्या डोंगराखालची किती पोरं दहावी पास केलीत, त्याला गणती नाही. प्रश्न आला 'अविस्मरणीय दिवस', मनोरी. 'माझा मित्र', तर तो चिखलात पडलेला. 'मला भेटलेला म्हातारा माणूस', जाळं विणणारा आहेच. तुम्ही फळ्यासमोर उभे राहून सांगायचात, "डोकं आणि शेपूट बदला, पोट तेच ठेवा." आणि मग डस्टर टेबलावर आपटत ताल धरायचात, आणि अख्खा वर्ग उभा राहून एका सुरात मनोरी म्हणायचा. समोरच्या चाळीत पापड वाळत घालणाऱ्या बायकांनाही पहिली दोन वाक्यं यायची. त्यांच्यातली एक मला भाजीवाल्याकडे म्हणून दाखवायची, अर्थ न कळता, आणि वर विचारायची, "बरोबर हाय ना, बाई?"

मीही तुमचीच विद्यार्थिनी. मीही उभी राहून मनोरी म्हटलीय, आणि तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीय, "एक नंबर." त्या थापेवर मी कॉलेजात इंग्रजी विषय घेतला. पहिल्याच आठवड्यात प्राध्यापिकेने एकेकाला उभं करून सांगितलं, स्वतःबद्दल चार वाक्यं बोला. कॉन्व्हेंटच्या मुली फडफड बोलल्या. माझी पाळी आली आणि माझ्याकडे इंग्रजी होतं तेवढंच होतं, सर. मी म्हणाले, रविवारची प्रसन्न सकाळ होती. प्राध्यापिका म्हणाली, बरं, मग? मी होडीत बसले. वर्ग हसायला लागला तरी मला थांबता येईना, कारण मध्येच थांबायचं कसं ते तुम्ही कधी शिकवलंच नव्हतं. चिखलापर्यंत गेले आणि खाली बसले. त्या दिवसापासून पुढे जे इंग्रजी मी शिकले ते एकटीने, लायब्ररीत, रेडिओच्या बातम्यांना कान लावून, आरशासमोर तोंड वेंगाडून. आणि तेव्हाच ठरवलं की शिक्षिका व्हायचं, तेही आपल्याच शाळेत, आणि त्या मनोरीची होडी एकदाची बुडवायची.

मी रुजू झाले तेव्हा तुम्हाला कोण आनंद. स्टाफरूमच्या दारातच म्हणालात, "आली माझी पोर." सगळ्यांसमोर मला 'बाई' म्हणायचं आणि एकटी असले की 'अगं', चिडलात की 'गो', हा हिशेब तुम्ही पहिल्याच दिवशी लावून टाकलात. आणि एक डस्टर दिलात. शाळेचे डस्टर फळा पुसायचे कमी आणि खडू पसरायचे जास्त, म्हणून वहिनी तुमच्या जुन्या पँटींचे तुकडे शिवून डस्टर करायच्या. मला दिलेला काळ्या पँटीचा होता, त्यावर खिशाची शिवण तशीच राहिली होती. मला वाटलं, आता जमेल. सरांना समजावून सांगू. माझ्या कॉलेजचा तो प्रसंगही तुम्हाला सांगितला, हसत हसत, जसा आपण आपला पोपट झाल्याचा किस्सा सांगतो तसा. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "पण पास झालीस ना?" आणि तासाला निघून गेलात.

ते दिवस आठवा. गिरण्यांचा संप होऊन वर्षं लोटली होती, तो मिटला म्हणावं तर गिरण्या उघडत नव्हत्या आणि मिटला नाही म्हणावं तर कुणी लढतही नव्हतं. डोंगरावरच्या घराघरातले बाप एकतर ओट्यावर बसून होते, नाहीतर कोकणात गावी निघून गेले होते. खिडकीजवळच्या त्या मुलीचा बाप गावी गेला होता. आई कारखान्यातल्या माणसांचे डबे करायची, आणि मुलगी पहाटे उठून पोळ्या लाटून मग शाळेत यायची. तिच्या आईने मला सरळ सांगितलं होतं, "बाई, पास झाली तर अकरावीला घालीन. नापास झाली तर बापाकडे धाडते, तो बघील काय ते." काय ते म्हणजे लग्न, हे सांगायची गरज नव्हती. मी वर्गशिक्षिका होते. शनिवारचा शेवटचा तास माझा होता, आणि त्या तासाला मी पुस्तक बंद करायला लावायचे. म्हणायचे, इंग्रजीत सांगा, आज तुमच्या घरी स्वयंपाक कोण करतंय? चुका झाल्या तर होऊ देत. पहिले दोन शनिवार कुणी तोंड उघडलं नाही. एक मुलगा तर म्हणाला, "बाई, उत्तर लिहून द्या ना, पाठ करून येतो." माझ्या घरी कोण स्वयंपाक करतं याचं उत्तर मी लिहून द्यायचं! मी कपाळावर हात मारून घेतला. पण हळूहळू बोलायला लागली पोरं. आणि ती मुलगी एकदा उठली ती घरच्या स्टोव्हबद्दल बोलत राहिली. स्टोव्ह सारखा विझतो, आई त्याला पिन मारते आणि त्याच्याशी भांडते, म्हणते, तूपण संपावर गेलास काय? हे सगळं इंग्रजीत, मोडकं-तोडकं, पण स्वतःचं. वर्ग हसला, पण तिच्यावर नाही, स्टोव्हवर हसला. मी आयुष्यात एवढी खूश कधी झाले नव्हते.

शाळेतल्या इंग्रजीचं सगळं तुमच्या हातात, पुढच्याच आठवड्यात तुम्ही तो तास बंद केलात. आणि कुठे, तर भर स्टाफरूममध्ये, शिपाई चहा ओतत असताना. "बाई, शनिवारी दहावीच्या वर्गात हसण्याचे आवाज येतात. सहामाहीत तुमचा अर्धा वर्ग इंग्रजीत नापास आहे, माहितीय का?" मी म्हटलं, सर, त्यांना बोलता यायला लागलंय. तुम्ही म्हणालात, "बोर्ड बोलण्याचे मार्क देत नाही. कॉलेजातनं शिकून आलात, आनंद आहे, पण उंटावरून शेळ्या हाकू नका. शनिवारी आता निबंध घेतला जाईल. मी घेईन." गणिताच्या बाई चहात बिस्कीट बुडवून माझ्याकडे बघत होत्या. मी वह्यांचा गठ्ठा उचलून बाहेर पडले, कारण बोलले असते तर रडले असते, आणि तुमच्यासमोर रडायचं नव्हतं. त्या शनिवारी मी व्हरांड्यात उभी राहिले आणि आत तुमचा डस्टर टेबलावर आपटत होता आणि माझी पोरं होडीत बसून मनोरीला निघाली होती. ती मुलगी नुसते ओठ हलवत होती. मला खिडकीतून दिसत होतं.

रविवारी भांडायलाच म्हणून मी तुमच्या घरी आले, भांडुपला. वहिनींनी सरळ स्वयंपाकघरात नेलं. तुम्ही बनियनवर, विळीवर बसून नारळ खवत होतात. सोलकढी करायची होती. तुमची धाकटी इंग्रजी मीडियमच्या शाळेतून कुठल्याशा स्पर्धेला जाऊन आली होती आणि तुमच्याभोवती नाचत इंग्रजीतून सगळं सांगत होती, न थांबता, चुकत, परत सुरू करत. आणि तुम्ही ऐकत होतात, सर. बरोबर जागी हसत होतात. तिला एकदाही म्हणाला नाहीत की डोकं-शेपूट बदल. उत्तर मात्र मराठीत दिलंत, "जेवून घे आधी." मला इतका संताप आला की मी भांडणाची सगळी तयारी विसरले आणि नुसतं म्हणाले, "हिला नाही ती मनोरी?" तुम्ही खोबरं बाजूला केलंत आणि शांतपणे म्हणालात, "ही नापास झाली तर पुन्हा बसेल. तुझी डोंगरावरची नापास झाली तर पुन्हा बसणार आहे काय गो?" वहिनींनी माझ्यापुढे ताट ठेवलं. मी जेवले. तुमच्याकडची सोलकढी चांगली असायची, हेच मला तेव्हाही जास्त लागलं.

परीक्षा झाली. निबंधाला 'मी कधीही विसरणार नाही असा दिवस' आला, म्हणजे तुमच्या होडीला वल्हंही मारायला नको. पोरं उड्या मारत बाहेर आली. जूनमध्ये निकाल लागला तेव्हा शिपाई हेडमास्तरांच्या केबिनमधून तोंड पाडून आला. आपल्या अख्ख्या तुकडीचा निकाल बोर्डाने राखून ठेवला होता. सामूहिक कॉपीचा संशय. आता सांगते तेव्हा लोक हसतात, पण तुम्हीच विचार करा, तपासणाऱ्याने करायचं काय? एकामागून एक पेपर, प्रत्येक मूल रविवारी सकाळी मनोरीला गेलेलं, प्रत्येकाचा मित्र त्याच चिखलात त्याच वाक्यात पडलेला, प्रत्येकाचे पाय थकलेले आणि मन आनंदी. गाइडमधला निबंध असता तर त्याने ओळखला असता. हा तर तुमच्या घरचा माल. आमची वाट लागली. अकरावीचे प्रवेश सुरू झाले होते. रोज सकाळी शाळेच्या दारात आया येऊन उभ्या राहायच्या. त्या मुलीच्या आईने बापाला पत्र टाकून बोलावून घेतलं होतं. आणि तुम्ही? तुम्ही त्या आठवड्यात पहिल्यांदा म्हातारे दिसलात. मला दया यायला हवी होती. मला वाटलं, बरं झालं.

बोर्डाकडून तिघं आले, चित्रकलेच्या वर्गात बसले. मधले गृहस्थ सफारी घातलेले, बाजूला एक तरुण कारकून, आणि एक चष्मेवाल्या बाई, त्या कुठल्यातरी शाळेत इंग्रजी शिकवत असाव्यात. तुम्ही आणि मी भिंतीजवळ, हेडमास्तर दाराशी. हेडमास्तरांनी बजावलं होतं, विचारल्याशिवाय कुणीही तोंड उघडायचं नाही. तुम्ही समितीला एवढंच सांगितलंत, मराठीत, "साहेब, पोरांनी चोरलेलं नाही. मी पाठ करून घेतलंय. कुणालाही उभं करा." सफारीवाल्यांना ते पटेना. पहिला मुलगा आत आला. निबंध म्हण म्हटल्यावर त्याने हात मागे बांधले, डोळे छताला लावले आणि एका दमात मनोरीला जाऊन परत आला. दुसरी आली, तीही. तिसऱ्याला सफारीवाल्यांनी हुशारी करून मधूनच विचारलं, म्हातारा कोळी काय करत होता? मुलगा गोंधळला. मग अगदी नम्रपणे म्हणाला, "सर, पहिल्यापासून म्हणू का?" पहिल्यापासून म्हटल्याशिवाय त्याला कोळ्यापर्यंत पोचताच येत नव्हतं. मग येतच राहिली. दुपारपर्यंत तो कारकूनसुद्धा ओठांत पुटपुटायला लागला होता, आणि चिखलात मित्र पडला की चष्मेवाल्या बाई मान हलवायच्या. सगळी पोरं निर्दोष सुटली, सर. घोकंपट्टीने सिद्ध केलं की ती चोर नाहीत. माझा पुरता पराभव झाला होता, आणि मी देवाचे आभार मानत होते.

दर कार्यक्रमात मी ही गोष्ट इथेच संपवते. इथे टाळ्या पडतात. पोरं मागून एका सुरात मनोरी म्हणायला लागतात, कुणी बाक वाजवतं, डोळे पुसतं. तुमच्यावर मी जे चिमटे काढायचे ते काढून झालेले असतात. पण ती मुलगी तेव्हा बाहेर व्हरांड्यात अजून बसलेली होती.

तिला शेवटी बोलावलं. तिच्या पेपरात सुरुवात मनोरीची होती, होडीत बसेपर्यंत, आणि मग मनोरी सुटली. होडी बघून तिला आठवलं होतं की बाप गावी जायला निघाला त्या दिवशी आईने डबे वेळेवर पाठवले, एकही चुकवला नाही, आणि मग स्टोव्हशी भांडली. हे सगळं तिने इंग्रजीत लिहिलं होतं. सफारीवाल्यांनी निबंध म्हणायला लावला. ती होडीपर्यंत म्हणाली आणि थांबली. "पुढे?" "पुढचं पाठ नाही." "मग पुढचं हे कुणी लिहून दिलं?" "मी लिवलं." सफारीवाले चष्मेवाल्या बाईंकडे बघून हसले. म्हणाले, "मराठी मीडियमची मुलगी. मनाने लिहिते इंग्रजी." बघा कसं होतं. ज्यांनी तुमचं लिहिलं ती सगळी प्रामाणिक, आणि जिने स्वतःचं लिहिलं ती चोर. तिने मान खाली घातली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. कारकुनाने पेन उघडलं. हेडमास्तर माझ्याकडे डोळे वटारून बघत होते.

आणि तुम्ही उठलात. खडूचे हात पँटीला पुसलेत, हातात खडू नसतानाही. मराठीत विचारलंत, "एक प्रश्न विचारू का तिला?" आणि मग इंग्रजीत बोललात. मी पाचवीपासून तुमच्या हाताखाली शिकले, तुमच्या शेजारी बसून नोकरी केली, पण फळ्यावर किंवा पुस्तकात नसलेलं एकही इंग्रजी वाक्य मी तुमच्या तोंडून ऐकलं नव्हतं. त्याचं कारण मला तेव्हा कळलं. तुम्हाला बोलता येत नव्हतं, सर. तुम्हीसुद्धा कोकणातल्या कुठल्याशा शाळेत उभं राहून कुणाची तरी मनोरी म्हणतच शिकला होतात. "हू… हू इज…" कारकून खाली बघून हसला. तुमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंत. "हू इज कुकिंग इन युवर हाऊस?"

तिने मान वर केली. तुमच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. शनिवारचा प्रश्न होता तो, माझा. "माय मदर," ती म्हणाली. "अँड मी. फादर इज इन व्हिलेज." तुम्ही विचारलंत, व्हाय? "मिल इज क्लोज्ड. ही इज नॉट अँग्री विथ अस. ही इज अँग्री विथ मिल." सफारीवाले आता हसत नव्हते. तुम्ही शब्द शोधत होतात, सापडेना, शेवटी हाताने पिन मारायची खूण केलीत आणि म्हणालात, "अँड… स्टोव्ह?" आणि ती सुटली. स्टोव्ह कसा विझतो, आई काय म्हणते, यू ऑल्सो ऑन स्ट्राइक? चष्मेवाल्या बाई खळखळून हसल्या. त्यांनी तिला इंग्रजीतून आणखी दोन-तीन प्रश्न विचारले, तिने चुकत-माकत उत्तरं दिली, आणि बाईंनी कारकुनाला सांगितलं, "बंद करा ते पेन."

निकाल लागला, पोरं पास झाली, ती अकरावीला गेली, आणि पेढे सगळे तुमच्या टेबलावर आले. पण मी पेढ्यांसाठी नाही चिडलेले. त्या दिवशी फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर मी तुम्हाला गाठलं. म्हटलं, "स्टोव्हचं तुम्हाला कुणी सांगितलं?" तुम्ही बशीत चहा ओतलात. "डस्टर विसरलो होतो तुझ्या वर्गात. घ्यायला आलेलो." म्हणजे त्या शनिवारी तुम्ही दाराबाहेर उभे होतात. ऐकलंत. हसलाही असाल. आणि तरी आठवड्याने येऊन माझा तास बंद केलात! मी टपरीवर ओरडलेच, की मग आता तरी परत द्या तो तास, तुमच्या डोळ्यांदेखत वाचली ना पोरगी त्याने? तुम्ही बशी खाली ठेवलीत. "ती एक गो. बाकीच्यांचा काय करू?" मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचत नाही, तेच तर डोक्याला ताप आहे.

आणि सुट्टीनंतर काय केलंत, तर नव्या दहावीला पहिल्याच दिवशी तीन मनोऱ्या! समितीपासून तुम्ही शिकलात ते एवढंच. खिडकीची रांग मनोरीला जाणार, मधली रांग गोराईला, आणि दाराच्या रांगेसाठी तुम्ही जागा शोधत होतात. मी संतापाने म्हटलं, "पाठवा की त्यांना माहुलला, रिफायनरीच्या धुरात पोहायला." तुम्ही गंभीरपणे विचार केलात आणि म्हणालात, "चालेल. चिखल तिथेपण आहे." आणि खरंच पाठवलंत. तुम्ही निवृत्त होईपर्यंत दाराजवळची पोरं दर वर्षी रविवारच्या प्रसन्न सकाळी माहुलला जात राहिली आणि आनंदी मनाने परत येत राहिली. मला हसू येतं आणि लगेच राग येतो. तुम्हाला माहीत होतं. ज्या माणसाला माहीत नसतं त्याला माफ करता येतं. तुम्ही दारात उभं राहून ऐकलं होतंत, काय असतं ते कळलं होतं तुम्हाला, भरल्या खोलीत स्वतःचं हसं करून घेऊन तो प्रश्न विचारलात, आणि मग परत जाऊन डस्टर आपटायला लागलात. तुमच्या तेराव्याला मी आले होते. वहिनींनी मला तुमचे उरलेले डस्टर दिले, पिशवीभर. मी ते घेतले आणि घरी आले.

ज्या थोड्यांना ते माहीत आहे त्यांना वाटतं मी तुमच्या इंग्रजीची लाज झाकण्यासाठी ते शेवटचं सांगत नाही. मीही स्वतःला हेच सांगत आले. आज दुपारी म्हटलं, होऊनच जाऊ दे, पूर्ण सांगून बघू. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले आणि मोठ्याने सुरू केलं, रविवारी बोलायचं तसं. सहलीपासून 'पहिल्यापासून म्हणू का' पर्यंत न अडखळता गेले, हशा जिथे येणार तिथे थांबतसुद्धा होते. इतक्या कार्यक्रमांत सांगितलंय, डोकं आणि शेपूट बदलून, पोट तेच ठेवून. मग तुम्ही उठलात तिथे आले आणि पुढचं येईना. परत पहिल्यापासून सुरू केलं, परत तिथेच. तिसऱ्यांदा तुमचा प्रश्न तेवढा म्हटला, तुम्ही म्हटला होतात तसा, अडखळत, आणि रिकाम्या स्वयंपाकघरात मला रडू आलं. हे पत्र कुठे टाकणार? टाकायचं नाहीच आहे. रविवारी मी उभी राहीन, ती पुढच्या रांगेत बसलेली असेल. राग आहे तसाच आहे, सर. पण तेवढा भाग मला पाठ नाही.